बाटली वाढली

आई,

तुझे गुडघे गेले त्या वयाच्या मी कधीच पुढे आले, आणि आता माझेही गेले आहेत. सकाळी उठताना खाटेच्या कडेला हात टेकून थोडा वेळ नुसती बसून राहते. तू म्हणायचीस, "पाय हैत तवर गावं हैत." माझी गावं संपून पुष्कळ वर्षं झाली. सोलापुरात दोन खोल्या आहेत, पेन्शन आहे, दुपारी झोप येत नाही आणि संध्याकाळी काही सुचत नाही. चाळीस वर्षांची दमणूक अंगात कुठेतरी दडून बसली होती, ती आता सवडीनं बाहेर येते आहे असं वाटतं.

तू ज्या गावांतून डोक्यावर बांगड्यांचं ओझं घेऊन हिंडलीस, त्याच गावांतून मी सत्तरच्या दशकात नर्सबाई म्हणून हिंडले. नेमणुकीचा कागद वाचून दाखवला तेव्हा तू हसलीस. "मी बांगडी भराय मनगाट धरलं, तू नाडी बघाय धर. धंदा त्योच की गं." धंदा तोच, पण तू आलीस की दारं उघडायची आणि मी आले की लागायची. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या शिबिराला इतक्या बायका आणाच, असं साहेब जीपमध्ये बसून सांगायचे. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं! त्यामुळे मी पोरांना लस टोचायला गेले तरी सासवा सुनांना मागच्या दारानं रानात पिटाळायच्या. मग तुझी ओळख सांगावी लागायची. "कासारणीची ल्येक व्हय? मग आदी न्हाय का सांगायचं? या, बसा की." तुझ्या ओळखीवर मी निम्मी नोकरी केली, हे तुला कधी सांगितलं नाही.

तुझा एक धपाटा मला अजून आठवतो. मी सात-आठ वर्षांची असेन. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, मी गुपचूप तुझी टोपली उघडून हिरव्या बांगड्या हातात चढवून बघते आहे. एक निसटते. मी ओरडते, "आई, बांगडी फुटली!" आणि पिठाचा हात पाठीत बसतो. "कासाराच्या घरात फुटली म्हनतीस? वाढली म्हनावं!" मग भाकरी उलटता उलटता तू समजावलंस. दिवा विझत नाही, वाढतो. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळसुद्धा वाढवायचा. जे मोडलं, संपलं, फुटलं, ते तोंडानं तसं म्हणायचं नाही. मी रडत रडत विचारलं, "मग ताटात वाढतीस ती भाकरी?" तू स्वतःच हसत सुटलीस. दिवसभर माझ्या पोलक्यावर तुझा पिठाचा पंजा होता.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. मंद्रूपच्या रस्त्यापासून दोन कोस आत, काळ्या रानातलं ते गाव. घर तुझ्या ओळखीचं. म्हातारी, म्हातारा, सून आणि तिचं पाच महिन्यांचं पोर. पोराचा बाप ऊसतोडीला श्रीपूरकडे गेलेला. पोराच्या हातातल्या काळ्या मनगट्या तूच घातलेल्या. मी गेले तेव्हा पोर तापानं फणफणलं होतं आणि श्वासागणिक त्याचं पोट उडत होतं. म्हातारीनं चुलीत विळा तापत घातला होता. "डबा झालाय. पोटावर डाग दिला की उतरतोय." त्यांचा डबा म्हणजे आमचा न्यूमोनिया. मी विळा ओढून बाहेर फेकला. दवाखान्यात चला म्हटलं, तर सून म्हणाली, "मालक हितं न्हाईत, कुनाला इचारू?" शेवटी जवळची औषधाची बाटली दिली. पाच दिवसांचं औषध, बाटलीवर कातरलेली कागदाची पट्टी, दिवसाला तीन खुणा. म्हातारीला म्हणाले, "डाग द्यायचा नाही. पोराच्या गळ्याला हात लावून शपथ घ्या. काही कमीजास्त झालं तर निरोप पाठवा, असेन तिथून येते." म्हातारीनं शपथ घेतली. मला माझाच अभिमान वाटला होता, आई. एका पोराचा डाग वाचवला म्हणून.

तिसऱ्या दिवशी मंद्रूपचा बाजार होता. दोन बायकांना कशीबशी तयार करून मी शिबिराच्या जीपजवळ उभी होते. त्याआधी लागोपाठ दोन बाळंतपणं झाली होती, चपलेचा अंगठा तुटून टाचा सोलल्या होत्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. गर्दीतून म्हातारा आला. वाटभर घोकत आल्यासारखं त्यानं एका दमात सांगितलं, "नर्सबाई, म्हातारीनं सांगितलंय, बाटली वाढली." आणि मला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा, "बाटली वाढली म्हनं."

मी विचारलं, "पोर कसंय?"

"हाय की," तो म्हणाला.

"बरं. एक-दोन दिवसांत येते."

तो जरा वेळ तिथेच उभा राहिला, मग गेला. वाढली म्हणजे संपली, असं मी मनाशी म्हटलं. औषध सगळं पोटात गेलं, छान झालं. पाच दिवसांची बाटली तिसऱ्या दिवशी कशी संपेल, हे बोटांवर मोजता आलं असतं. मी मोजलं नाही. दोन कोस आत आणि दोन कोस परत, त्या टाचांनी, आणि शिबिराला बायका कमी पडल्या की ऐकावं लागणारं ते बोलणं. मला जो अर्थ परवडत होता तो मी घेतला. आणि काचेच्या वस्तूला 'वाढली' म्हटल्यावर ती फुटली, हे जगात कुणाला कळलं नाही तरी तुझ्या मुलीला कळायला हवं होतं. कळलंही होतं. जीपच्या पायरीवर पाय ठेवताना पाठीत तो पिठाचा हात बसला होता. तरी मी आत चढले आणि जागा करून बसले.

दोन दिवसांनी गेले तेव्हा अंगणात आवाज नव्हता. म्हातारीनं कोनाड्यातून फडकं काढून माझ्यापुढे सोडलं. काचा होत्या. एका तुकड्याला पट्टी तशीच चिकटलेली. "दुसऱ्या दिशीच मांजरानं पाडली. तुमी डाग देऊ नगा म्हनला, न्हाय दिला. ह्यास्नी धाडलं तुमच्याकडं. लई वाट बघितली ओ, बाई." सून भिंतीला टेकून बसली होती, मुठीत त्या मनगट्या. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "मला निरोप मिळालाच नाही."

म्हातारा उंबऱ्यावर होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, नीट आठवत असल्यासारखं. सून त्याच्याकडे वळली. मग तो हळूच म्हणाला, "इसरलो आसंन. बाजारात लई गर्दी हुती." मी पिशवी उचलली आणि पुढच्या गावाला गेले.

संक्रांतीच्या आधी तू माझ्या खोलीवर आलीस. त्या गावावरूनच आली होतीस. मी स्टोव्हवर कालवण गरम करते आहे, तू भिंतीशी पाटावर बसलेली, भाकरी कुस्करते आहेस. "ती सून सासऱ्याशी बोलत न्हाय," तू म्हणालीस. "ताट निसतं सरकवती. म्हातारा मला म्हनला, कासारनी, माजं डोस्कं गेलंय का बघ. मला वाटतंय मी सांगितलं हुतं." मग ताटावरून मान वर करून, "सांगितलं हुतं का गं त्यानं?"

मी स्टोव्हला पंप मारत राहिले. "नाही," म्हटलं.

मी भाकरी घेऊन वळले, "वाढू?" तू ताटावर हात आडवा धरलास. "नगं. लई वाढलीस." भाकरीचं म्हणालीस की माझं, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तू गेलीस, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात कायमची. म्हाताराही त्याच सुमाराला गेला. तो गेला तेव्हा सून त्याच्याशी बोलली होती का, मला माहीत नाही. मी चौकशी करायचं टाळलं.

पुढे नोकरीभर, कुणी निरोप घेऊन आलं की मी अंगावर जायची, "फुटली का संपली? सरळ सांगा!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. कासारणीची लेक आणि फुटली म्हणते! हसू द्यावं, दुसरं काय करणार.

मागच्या आठवड्यात त्या गावची एक बाई भेटली. ती सून अजून त्याच घरात आहे म्हणे, नातवंडं खेळवते. म्हणून मी आज कागद घेतला. म्हाताऱ्यानं निरोप सांगितला होता, एकदा नाही, दोनदा, एक शब्द न चुकता, एवढंच तिला लिहायचं होतं. दोन ओळींचं काम. पत्ता मला पाठ आहे, पाकीट इथे शेजारी पडलं आहे. पण पेन टेकवलं आणि वर 'आई' लिहिलं गेलं, आणि मी ते खोडलं नाही. तुला तर ते त्या दिवशी पाटावरच कळलं होतं. तरी सगळा कागद तुझ्याच नावानं भरला, कारण ती वाचेल, आणि तू वाचणार नाहीस.