घट्ट वेणी

तिच्या आईला,

आपण कधी बोललो नाही. तुम्ही आजारी पडलात आणि बालकल्याण समितीने तुमची लेक सांभाळायला माझ्याकडे दिली. भेटीच्या दिवशी मी तिला त्यांच्या ऑफिसात सोडायचे आणि जिन्याखाली थांबायचे. आपण दोघींनी समोरासमोर यायचं नाही, हा तिथल्या समाजसेविकाबाईंचा नियम. हे पत्रही त्यांना चालणार नाही, म्हणून ते माझ्या कपाटातच राहील.

दर भेटीत तुम्ही तिची वेणी घालायचात. परत आली की ती वेणीला मला हात लावू द्यायची नाही. न्हायचं नाव काढलं की घर डोक्यावर घ्यायची. केसांचा पार गुंता व्हायचा. शेजारीण म्हणायची, "लोकांची पोर आहे, जरा नीट ठेव की!" मला राग यायचा, आणि तो तुमचाच यायचा. इतकी घट्ट वेणी कोण घालतं? पण मी ती कधी सोडली नाही. आपोआप सुटेपर्यंत थांबायचे.

काल ती कायमची तुमच्याकडे आली. तुम्ही बऱ्या झालात, चांगलं झालं. निघताना ती कंगवा घेऊन माझ्यापुढे बसली. म्हणाली, "मावशी, आज तू घाल. घट्ट घाल."

मी घातली. तुमच्यासारखी जमली नाही, पण घट्ट घातली.

आता तुम्ही ती वेणी सोडायला जाल आणि ती घर डोक्यावर घेईल. तिला रागावू नका. राहू द्या थोडे दिवस.

तिची मावशी