झाला गैरसमज विसरून ये

घनसावंगी,
दि. १६ नोव्हेंबर १९९८

बायनाआक्कांना आसराचा नमस्कार.

तुमची नंदा अन् तिचं बाळ बरं असंल. इकडं कापसाची वेचणी चालूय. बाया मिळत न्हाईत, म्हणून तुमचा भाऊ एकटाच वाकून वेचून राह्यलाय अन् मला घरी बसवलंय. कशापायी, ते पुढं लिहिते. खुशाली झाली.

तुमचं पत्र मिळालं. "झाला गैरसमज विसरून ये, बारशाला पाळण्याखालून बाळ घ्यायला माझी भावजयच पाहिजे." वाचलं अन् तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

गैरसमज! लई स्वस्त झालाय हा शब्द. सोसायटीच्या चेअरमननं लोकांचं खत परस्पर विकलं, पकडल्यावर म्हणे गैरसमज. आमच्या गल्लीतल्या कचरूनं दारू पिऊन बायकोचा हात मोडला, अन् पोलीस पाटलासमोर हात जोडून म्हणतो कसा, घरगुती गैरसमज हाये साहेब. ती बिचारी गळ्यात हात बांधून बाजूला उभी. करून सवरून मोकळं व्हायचं अन् वरून हा शब्द पांघरायचा. तुम्हीबी तेच केलं.

श्रावणात नंदाच्या डोहाळजेवणाला मी मस्तगडला तुमच्या घरी आल्ते. नंदा पाटावर बसल्ती. मी खण, नारळ, गहू घेऊन तिची ओटी भरायला वाकले अन् तुम्ही माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी पिचकली. "तू राहू दे. अकरा वर्सं झाली, स्वतःचीच ओटी रिकामी. पोरीला तुझा हात नको. आत जाऊन पुऱ्या लाट." सगळ्या गल्लीतल्या बाया बघत होत्या. नंदानं मान खाली घातली. मी आत गेले, तर तुम्ही शेजारच्या कांताबाईला म्हणलात, "मल्हारीचं दुसरं लगीन करावंच लागतंय. वडीगोद्रीला पोरगी बघून ठेवलीय." मी कढईपाशी उभी होते आक्का, बहिरी नव्हते.

यात कुणाचा कसला गैरसमज झाला? तुम्ही बराबर समजून बोललात, मी बराबर समजून ऐकलं. त्याला अपमान म्हणतात. सरळ शब्द हाये, लिहायला काही जड न्हाई.

अन् पुऱ्या मी लाटल्या. सगळ्या लाटल्या. माझा मलाच राग येतो त्याचा.

मंग इतके दिवस चूप बसून आताच तुम्हाला भावजय का आठवली, ते मला चांगलं कळतं. तुमच्या भावानं जालन्याच्या मोंढ्यात दाजींना गाठून सांगितलं, आसराला दिवस गेलेत. म्हणून हे बोलावणं. म्हणून एका रात्रीत माझा हात चालायला लागला.

दीड महिना चुकला होता, ते खरं हाये. उलट्याबी झाल्या. तुमचा भाऊ येड्यावानी खूश झाला. घागर उचलू देईना, रानात येऊ देईना. कुणाला सांगू नका म्हणलं होतं मी, पण त्यांच्या पोटात काही ठरतं का!

परवा पाळी आली आक्का. डॉक्टरीणबाई म्हणल्या, अंगात रक्त कमी हाये, त्यानं चुकली. बाकी काही नव्हतंच. तुमच्या भावाला अजून सांगितलं न्हाई. ते रानात गेले की गोधडीत तोंड खुपसून रडते अन् ते यायच्या आत तोंड धुऊन चूल पेटवते. कसं सांगू त्यांना, तुम्हीच बोला.

तरीबी तुम्हाला आधी कळवून राह्यले, कारण पोटाच्या जोरावर मला तुमच्या उंबऱ्यात यायचं न्हाई. यायचं तर मनगट धरून बाजूला सारले होते तेच हात घेऊन येईन. त्याच बाया बोलवा. त्यांच्यासमोर म्हणा, मी आसराचा अपमान केला. अन् मंग बाळ माझ्या हातात द्या.

जमत नसंल तर वडीगोद्रीच्या पोरीच्या बापाला निरोप धाडा. मी आडवी येणार न्हाई. पण तिला घेऊन याल तवा तुमच्या भावाच्या डोळ्यात बघून सांगा कशाला आणली ते, अन् तिथं दुसरा कोणता गोड शब्द वापरू नका.

पुढच्या गुरुवारी तुमच्या भावाला मी सगळं सांगणार हाये. त्याच्या आत तुमचं उत्तर आलं तर बरं. न्हाई आलं, तर तेबी उत्तरच समजते.

अजून तरी तुमची भावजय,
आसरा