निळ्या जीपला अर्थ लागेना

६ मार्च ७५, गुरुवार
हात मोडला. माझा न्हाई, ह्यांचा. सकाळी बॅटरी परत उतरलेली, म्हणून जीपला हँडल मारून राह्यले होते. हँडल उलटं फिरलं आणि मनगटावर बसलं. आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. भोकरदनला प्लास्टर, पाच आठवडे. येताना एसटीत एकच बोलले, "चुकी माझी. अंगठा वरून धरायचा नसतो." सोळा वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस. मला रडू आलं, खिडकीकडं तोंड केलं.

८ मार्च, शनि.
भोकरदनचा मिस्त्री येऊन गेला. बॉनेट उघडलं, बिडी संपेस्तोवर बघितलं. डायनामो जळाला म्हणाला, बॅटरी भरणारच कशी, नवा टाका. हे म्हणाले, खोलून तर बघ. तो म्हणतो खोलायचं काय, जळाल्याचा वास येऊन राह्यला. मला तर बिडीचाच येत होता. नवा औरंगाबादेहून आणायचा, महिना जाईल, तोबी मिळाला तर. इतके दिवस न्हाईत माझ्यापाशी.

९ मार्च, रवि.
का न्हाईत ते लिहून ठेवते, म्हणजे कच खाल्ली तर वाचायला होईल.
सोळा एप्रिलपासून सातवीची केंद्र परीक्षा, भोकरदनला, सकाळी आठला. पहिली एसटी पोचते नवाला. मागच्या साली माझ्या वर्गातली एकबी पोरगी बसली न्हाई, कारण मुक्कामाला कुणी धाडलं न्हाई. यंदा आठजणी. पाच आमच्या वस्तीतल्या, तिघी गावातल्या. आठही घरांत जाऊन मी शब्द दिलाय. आमच्या जीपनं नेते, जीपनं आणते, दिवसाउजेडी घरी. ती जीप माळावर बंद पडली आणि पोरी रस्त्यावर बसल्या, तर पुढच्या साली कुणी पोरीला सातवीपर्यंत ठेवणार न्हाई. वरून म्हणतील, सांगत होतो.
जीप चालणार. कशी ते ठाऊक न्हाई.

११ मार्च
पारावर चार जण. मी जवळ आले तसा एकाचा आवाज चढला. निळा रंग मारला तवापासून गाडी बसली म्हणे, पचला न्हाई गाडीला. जानेवारीत मीच मारलाय, मिल्ट्रीचा हिरवा खरवडून, दोन हात. निळाच कशाला, हे विचारणाऱ्याला कारण बराबर ठाऊक असतं. पुढं जाणार होते, पाय थांबले. म्हटलं, "गाडीला पचला. तुमचं पोट सांभाळा." बोलले ते बोलले.

१३ मार्च
मुख्याध्यापकांनी हापिसात बोलावलं. किसनराव शाळेत येऊन गेल्ते. गावात सगळ्यात जास्ती जमीन त्यांची, त्यांची कमल माझ्या वर्गात गणितात पहिली. त्यांचा निरोप असा, बाईंवर भरवसा हाये, पण गाडीचा रंग बदलून घ्या म्हणावं, मंग पोरगी धाडतो. मु.अ. म्हणतात, मारून टाका हिरवा, पोरीचं भलं होईल. कमल एवढी हुशार नसती तर एवढा राग आला नसता. मी म्हटलं, सर, पोरीचं भलं करायलाच मी इथं हाये, रंगाला मधी आणू नका. मु.अ. चष्मा पुसत बसले.
रंग ऱ्हाईल.

१६ मार्च, रवि.
डायनामो उतरवला. मी! हे बाजेवर, प्लास्टरचा हात गळ्यात, डाव्या हातानं दाखवून राह्यले. "डावीकडं फिरव. तुझं डावं न्हाई, बोल्टाचं डावं." बोल्टाला डावं असतं हे ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं न्हाई. हाताची सालं निघाली. आतले कार्बनचे घासणारे तुकडे चांगले, काळं काही न्हाई. काल भोकरदनहून भरून आणलेल्या बॅटरीच्या वायरी ह्यांनी सांगितल्या तशा लावल्या, तर डायनामोची चाकी अंगणात आपोआप फिरायला लागली! जळालेला डायनामो असा फिरत न्हाई म्हणाले. मिस्त्रीसाठी एक शब्द लिहिणार होते. बाईंना शोभत न्हाई.

१७ मार्च
परत बसवला, पट्टा ताणला. गाडी चालू केली. चार्जिंगचा काटा उणेकडंच. जेवण गेलं न्हाई.

२३ मार्च, रवि.
आज कटआऊट. बॉनेटखाली पत्र्याला बसवलेली काळी डबी. डायनामो करंट द्यायला लागला की हिनं आतून टक् करून जोडायचं, तवा बॅटरी भरते. झाकण काढून आतले जोडाचे पॉईंट पॉलिश पेपरनं घासले. गाडी चालू करून कान लावला. टक् न्हाई. तीनदा. हे म्हणाले, "कुठं तरी अर्थ लागत न्हाई."
मी म्हटलं, कशाचा?
हसले. हात मोडल्यापासून पहिल्यांदा. मंग समजावून सांगितलं. बॅटरीची एक वायर गाडीच्या अंगाला जोडलेली असते. सगळी बॉडी म्हणजेच परतीची वायर, तिला ड्रायव्हर लोक अर्थ म्हणतात. जिथं अंग अंगाला लागत न्हाई, तिथं करंट अडतो.
रोज फळ्यावर कवितेचा अर्थ लावते. घरच्या गाडीचा लागेना.

२८ मार्च
धुळवड. आम्ही खेळत न्हाई. दुपारी जीपच्या दारावर कुणीतरी लाल रंगाची बादली ओतून गेलं. एक घागर पाण्यात गेला. खालचा निळा तसाच.

३० मार्च, रवि.
सापडलं. लिहायला हात होत न्हाई.
एक बल्ब, दोन वायरी. एक वायर बॅटरीला, दुसरी जिथं टेकवावी तिथं अर्थ असला तर बल्ब लागतो. खालच्या दांडीला टेकवली, लागला. इंजिनला, लागला. कटआऊटच्या डबीला टेकवली. अंधार. डबीचे चारी बोल्ट घट्ट. पुसून परत टेकवली, अंधार. ह्यांना कळेना, मला कळलं.
जानेवारीत ती डबी सोडवून घेऊन मी मागचा पत्रा रंगवला. दोन हात. भोकांच्या कडासुद्धा, डबीच्या पायासुद्धा. कोपरा राह्यला तर लोक नावं ठेवतील म्हणून. तवापासून डबी रंगावर बसलेली, पत्र्याला तिचं अंगच लागलं न्हाई. म्हणून ती जोडेना, म्हणून बॅटरी उतरे, म्हणून हँडल, म्हणून ह्यांचं मनगट. माझ्या ब्रशानं मोडलं.
आणि पारावरचे खरे ठरले! ते जास्ती झोंबतंय. ह्यांना म्हटलं डोकं दुखतंय, उद्या बघू.

३१ मार्च
सांगितलं. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, डबी मीच सोडवून दिल्ती ना तुला? सोळा वर्षांत मला सुचलं न्हाई ते. "बाईंनीच लावला अर्थ." माझा बांध फुटला. ते बाजेवरून उठून जवळ बसले.
मंग विळी घेतली. चार बोल्टांच्या जागा, एकेक चार आण्याच्या पावलीएवढी, पत्रा चमकेस्तोवर खरवडल्या. डबीचे पाय घासले. डबी बसवली. हँडल मीच मारलं, अंगठा बाहेर. ते नको म्हणून ओरडून राह्यले. दुसऱ्या झटक्यात इंजिन लागलं.
टक्.
काटा हळूहळू उजवीकडं गेला आणि तिथंच थांबला. आम्ही दोघं वेड्यासारखं त्याच्याकडं बघत बसलो.
पारावरच्यांचं म्हणणं चार पावल्यांएवढं खरं. बाकी सगळी जीप निळी. कुणी विचारलं तर खोटं बोलणार न्हाई, रंगाची चुकी नव्हती, मी जास्तीचा मारला. पण आपण होऊन सांगायलाबी जाणार न्हाई.

१२ एप्रिल
प्लास्टर निघालं. हात वाळक्या काठीगत झालाय. तरी हे भोकरदनला जीप नेऊन आले, काटा सारा रस्ता उजवीकडं. मु.अ. म्हणतात, किसनरावांचं अजून तेच. माझंबी तेच.

१६ एप्रिल, बुध.
सात पोरी. कमल न्हाई.
सव्वासातला पोचलो. सातही जणी पेपरला बसल्या. मी फाटकापाशी उभी. नऊ वाजून गेल्यावर कमल पळत आली, मागं किसनराव. एसटी जशी येते तशीच आल्ती. तासाच्या वर मराठीचा पेपर गेला. आत जाऊ दिलं, पण माझ्याजवळून जाताना तिचं तोंड बघवलं न्हाई. चौदा वर्षांची पोर. रंग बदलला असता तर आठला बसली असती, हेबी मनात आलं. आलं ते लिहिते. आणि गाडीत बसवली असती तरीबी आठलाच बसली असती, हे किसनरावांच्या मनात आलं का, ठाऊक न्हाई.
येताना स्टँडवर किसनराव आणि कमल दिसली, जीप थांबवायला लावली. जागा हाये म्हटलं. ते दुसरीकडं बघत ऱ्हाईले. आम्ही आलो. पोरी चारच्या आत आपापल्या घरी.
दिवस मावळायच्या आधी कमल एकटीच दारात. आमच्या वस्तीत पहिल्यांदा आली असंल. आत ये म्हटलं, उंबऱ्यापाशीच उभी. बापाला ती दादा म्हणते. "दादांनी विचारलंय, जीप उद्या किती वाजता निघती?"
उद्या गणित.
मी म्हटलं, "साडेसहाला. आणि दादांना सांग, रंग तोच हाये."
मान हलवली, गेली. हे विचारून राह्यले, पुढची शीट मोकळी ठेवायची का. ठेवा म्हटलं.