रक्ताची सगळी माणसं

४ जानेवारी
हॉस्पिटलमधून सुटलो. छातीत मशीन बसवलंय. हृदयाचं पंपिंग पंचवीस टक्के. डॉक्टर म्हणाले, या आकड्यावर लोक जिना चढत नाहीत. मी चढलो. मध्ये बसलो, ते बूट सैल करायला.
हृदय बंद पडायला लागलं की मशीन आतून शॉक देणार. संकल्प: राग बंद. मीठ बंद. पाणी मोजून.
संध्याकाळी आमच्या भंगाराच्या यार्डात एका ट्रकवाल्याने फुटकी बॅटरी चांगली म्हणून गळ्यात मारली. एकच थोबाडीत दिली. एका थोबाडीला राग म्हणत नाहीत.

५ जानेवारी
बायकोला फोन करून सांगितलं, माझं हृदय मोठं झालंय. म्हणाली, तिला कधी जाणवलं नाही. ती थोड्या दिवसांसाठी माहेरी गेलीय. चार वर्षं झाली.

९ जानेवारी
घण उचलायला मला मनाई. त्यामुळे भंगारात आलेल्या गाड्या आता धाकटी तोडते. धाकटी म्हणजे माझी जुळी बहीण. मी नऊ मिनिटांनी मोठा, पण तिने ते अजून मान्य केलेलं नाही. दादा म्हणत नाही. लग्नही केलं नाही. एक पुरुष सांभाळते तेवढा पुरे, म्हणते. कोणता, ते सांगत नाही.
आज तिने एका मोटारीचं बॉनेट सात घावांत काढलं. मी तीन घावांत काढायचो. मध्येच टेकून श्वास घेत होती. म्हटलं, नाटकं पुरेत. म्हणाली, हाच घण तुझ्या टाळक्यात घालीन. पण हळू म्हणाली. एरवी ओरडते.

१६ जानेवारी
तपासणी. धाकटीने टोइंगच्या ट्रकमधून नेलं. डॉक्टर म्हणाले, हा आजार घराण्यात उतरतो, रक्ताची सगळी माणसं तपासून घ्या. घरात कोण कोण हृदयाने गेलं ते विचारलं. आजोबा आणि बाबा, दोघंही उभ्या उभ्या. आत्या चाळिशीत दम लागून गेली, पण तिचं वेगळं. ती आधीपासूनच नाजूक.
धाकटी मध्येच म्हणाली, तिलाही हल्ली आडवं झोपलं की गुदमरतं. मी डॉक्टरांना सांगितलं, मनावर घेऊ नका, माझ्या काळजीने खचलीय बिचारी. डॉक्टर मला म्हणाले, अशी बहीण मिळायला नशीब लागतं.
संकल्प: घरातला एकही गडी तपासल्याशिवाय सोडायचा नाही.

२१ जानेवारी
चुलतभाऊ टकल्यापासून सुरुवात. मागच्या भिंतीवरून पळत होता, पाय धरून खाली ओढला. पुढचा दात पडला. तो तसाही हलत होता. मानगूट धरून ट्रककडे नेताना मशीनने मला पहिला शॉक दिला. घोड्याने आतून लाथ घालावी तसा. दोघंही चिखलात. टकल्या म्हणतो, त्यालाही झिणझिण्या आल्या. लबाड.
धाकटीने आधी मला ट्रकमध्ये चढवलं, मग त्याला. नंतर चाकाला टेकून बसून राहिली. शेवटी मलाच हॉर्न वाजवावा लागला.
टकल्याचं हृदय ठणठणीत. दाताचं ते बघत नाहीत म्हणे.

२३ जानेवारी
काका. वय अठ्ठ्याहत्तर. प्रेमाने समजावलं. काठीचे दोन तडाखे बसले, एक कानावर. मग प्रेम आवरतं घेतलं. खुर्चीला बांधून खुर्चीसकट नेले. लिफ्ट बंद, म्हणून तीन मजले जिन्याने. खुर्चीचा पुढचा भाग टकल्याने धरला, मागचा धाकटीने. वजन मागे जास्त येतं, पण ती कोणाला धरू देईल तर ना. प्रत्येक मजल्यावर थांबायला लावत होती. ओठ निळसर पडले होते. थंडीच तशी आहे.
काकांचं हृदय जवान पोरासारखं. परतताना माझ्या मनगटाला चावले.

२८ जानेवारी
शेवटचा आणि सगळ्यात अवघड: चिरंजीव. तिशीचा घोडा, पण दवाखान्याचा वास आला तरी पांढरा पडतो. भंगारातल्या एका मोटारीत शिरून आतून दारं लावून बसला. मी फक्त पुढची काच फोडली. बाकी शांत होतो. धाकटीने क्रेनने अख्खी मोटार उचलून ट्रकवर ठेवली आणि पोरासकट हॉस्पिटलच्या फाटकात उतरवली. तिथे कटरने दार कापलं. वॉचमन आडवा आला, त्याला मी आडवा केला. पोराने रडत आणि बापाला शिव्या देत तपासून घेतलं. हृदय उत्तम. तोंड बापावर.
मशीनवरचा माणूस म्हणाला, अजून कोणी आहे का, आता रिकामाच आहे. धाकटी दारात हाताचं ऑइल पुसत उभी होती. म्हणाली, माझं बघता का? म्हटलं, तुला काय धाड भरलीय? दिवसभर घण मारतेस. हा आमच्याकडच्या पुरुषांचा आजार. जा, फाटकातला ट्रक काढ आधी. गेली.
मोहीम फत्ते. घराणं सुरक्षित. स्वतःची पाठ थोपटली, डाव्या हाताने, कारण उजवं मनगट सुजलंय.

१२ फेब्रुवारी
धाकटीचे पाय सुजतात. तिचे बूट होत नाहीत, माझे घालते. वजनही वाढलंय. म्हटलं, खाणं आवर. म्हणते, खाल्लंच जात नाही. मग वाढतं कसं? माझं वजन दोन किलोने वाढलं तर लगेच हॉस्पिटलला कळवायचं असतं, कारण माझ्या अंगात पाणी साठतं. हिच्या अंगात आळस साठलाय.
गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन आली. तो म्हणाला, वयाचं आहे, मन शांत ठेवा. झोपेची गोळी दिली. मी तेच सांगत होतो, पण घरच्याचं कोण ऐकतंय.

१९ फेब्रुवारी
वजन उतरवायला धाकटीला यार्डाला दहा चकरा मारायला सांगितलं. तिने घण माझ्या अंगावर फेकला. नेम चुकला, ऑफिसची काच गेली. पूर्वी तिचा नेम चुकत नसे. खरंच थकली.

२ मार्च
धाकटी व्हॅनचं छत फोडता फोडता त्यावरच कोसळली. मी उचलली. मशीनने शॉक दिला. पडलो. पुन्हा उचलली. पुन्हा शॉक. मग टकल्या आणि पोरगा धावले. ट्रक मी चालवला. वाटेत एक कठडा आणि दोन गाड्यांचे आरसे गेले.
हॉस्पिटलात काउंटरची काच बुक्कीने फोडली. पंजाला टाके. डॉक्टरला भिंतीला दाबलं, ओरडलो, तुम्ही काय करत होता इतके दिवस? ते म्हणाले, हिचं पंपिंग बारा टक्के आहे. रक्ताची सगळी माणसं आणा म्हणालो होतो. म्हटलं, आणली की सगळी! ते म्हणाले, तेव्हा ही तुमच्या शेजारीच उभी होती. झोपलं की गुदमरतं म्हणाली. तुम्ही उत्तर दिलंत आणि मी ते ऐकलं.
मूठ उगारलेलीच होती. त्यांनी तोंडही बाजूला केलं नाही. मारता आलं नाही.

३ मार्च
शुद्धीवर आली. सगळीकडे नळ्या. म्हटलं, जरा सुधारलीस की तुलाही मशीन बसवतील, अगदी माझ्यासारखं. माझा टाके घातलेला पंजा हातात घेऊन बघत राहिली. मग म्हणाली, दादा, टकल्याला ओढलंस, काकांना बांधलंस, पोराला क्रेनने उचललंस. मग मलाच कसा रे सोडलास?
आयुष्यात पहिल्यांदा दादा म्हणाली. मला फार भीती वाटतेय.

५ मार्च
सकाळी धाकटी गेली.
ड्युटीवर नवीन डॉक्टरीण होती, कालपर्यंत पाहिली नव्हती. तिने विचारलं, तुम्ही यांचे कोण? म्हटलं, जुळा भाऊ. तिने हातातलं सगळं बाजूला ठेवलं, मला खुर्चीत बसवलं, नाडी धरली. म्हणाली, हा आजार रक्तात असतो, तुमची तपासणी आजच व्हायला हवी, आत्ताच्या आत्ता.
म्हटलं, माझी झालीय. घरातल्या सगळ्यांची झालीय.