डाव्या हाताचे तीस शब्द

दादा, काल तुमचं टायपिंगचं मशीन माळ्यावरून खाली काढलं. एकटीनंच काढलं, आणि कंबर अशी धरली की आज वर्गात खुर्ची सोडता आली नाही. तुमचे जावई म्हणाले, "भंगारवाला दारात आलाच आहे, देऊन टाकायचं का?" मी त्यांच्याकडं असं काही बघितलं की बिचारे गुपचूप चहा ठेवायला आत गेले. माणूस चांगला आहे हो, पण त्यांना काय ठाऊक. मशीनच्या डाव्या अंगाला ती सायकलच्या ब्रेकची तार अजून लोंबते आहे, गंजून तुटलेली, आणि तिच्या टोकाला तुमच्या जुन्या चपलेचा पट्टा. संध्याकाळी मी इथल्या, भोकरदनच्या सायकलवाल्याकडं जाऊन नवी तार मागितली. तो म्हणाला, "ताई, कोणत्या सायकलची?" म्हटलं, "सायकलची न्हाई, माझ्या वडिलांच्या पायाची." त्यानं मला वेड्यातच काढलं असणार. तार मात्र दिली.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला इतकी वर्षं लावली याची मला लाज वाटते. पण एकदम तिच्यावर येणार नाही. तुम्हीच म्हणायचात ना, आधी अर्जदाराचं सगळं म्हणणं ऐकून घ्यायचं, मगच मशीनला हात लावायचा. तेव्हा ऐकून घ्या.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचं साल असेल, मी सहावीत होते. जालन्यात एमआयडीसीच्या अलीकडं आपल्या त्या पत्र्याच्या दोन खोल्या. आई बियाण्याच्या कंपनीत बी निवडायला जायची, तुम्ही सळयांच्या मिलमध्ये. तुम्ही मॅट्रिक पास आहात हे तिथं कुणाला माहीतसुद्धा नव्हतं. लाल झालेली सळई सांडशीनं धरायची आणि पुढच्या रोलमध्ये घालायची, त्याला कुठली मॅट्रिक लागते! एका सकाळी सांडशी रोलमध्ये अडकली आणि तिच्यापाठोपाठ तुमचा उजवा हात गेला, पार कोपरापर्यंत. दीड महिन्यानं तुम्ही घरी आलात. आम्ही तुमच्या त्या बाहीकडं बघायचं टाळायचो, आणि तुम्ही सगळा राग पायजम्याच्या नाडीवर काढायचात. ती एका हातानं बांधता येईना. आई बांधायला वाकली की तुम्ही वर पत्र्याकडं बघत उभे राहायचात. एक दिवस तुम्ही दार लावून आत बसलात. मी फटीतून बघते आहे. नाडीचं एक टोक दातांत, दुसरं डाव्या हातात, कपाळावर घाम, आणि गाठ काही केल्या बसत नाही. कितीदा सुटली ते मीही मोजलं नाही. शेवटी बसली, तेव्हा बाहेर येऊन तुम्ही आईला म्हणालात, "आजपासून हे खातं माझ्याकडं." आई हसता हसता रडायला लागली.

मग तो अर्ज. बसून करायचं एखादं काम मिळावं म्हणून तुम्ही कचेरीबाहेरच्या एका टायपिस्टकडून अर्ज करून घेतलात. त्यानं तुमचं धड ऐकलंही नव्हतं. अर्धा दिवस रांगेत उभं राहून नंबर लागला, साहेबानं कागद वाचला, वर बघितलं आणि विचारलं, "इथं तर डावा हात गेला म्हणून लिहिलंय. मंग हा कागद धरून राह्यला तो कोणाचा हात?" सगळी रांग हसली म्हणे. घरी येऊन तुम्ही साहेबाची नक्कल करून दाखवलीत, आम्हीही पोट धरून हसलो. हसणं थांबल्यावर तुम्ही तो कागद चार घड्या करून खिशात घातलात आणि म्हणालात, "आपल्या हाताचं आपल्यालाच लिवावं लागंल. उद्यापासून टायपिंगला जातो मी." आईला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

टायपिंगच्या सरांनाही तेच वाटलं असणार. ते म्हणाले, "अहो, मशीनला दहा बोटं लागतात." तुम्ही म्हणालात, "सर, मशीनला कुठं कळतंय, कोण किती बोटं घेऊन आलं ते?" सर हसले आणि तिथंच तुमचं नाव वहीत चढलं. पण खरी अडचण बोटांची नव्हतीच. मराठी मशीनवर कितीतरी अक्षरं वरच्या मजल्यावर राहतात. शिफ्टची कळ एका हातानं दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं अक्षर मारायचं. दुसरा हात आणायचा कुठून? पंधरा दिवस तुम्ही नुसते त्या कळीकडं बघत बसलात, आणि एक दिवस उठून थेट सायकलवाल्या चाचांकडं गेलात. तुमच्या सायकलचे दोन्ही ब्रेक डावीकडं घेऊन दिले होते त्यांनी. मी कॅरियरवर बसून आल्ते, म्हणून मला ते बोलणं जसंच्या तसं आठवतं. तुम्ही विचारलंत, "चाचा, हातानं वढायचं ते पायानं वढता येईल का?" चाचा म्हणाले, "पाय तर दोन्ही सलामत हायेत ना? मंग बिलकुल येईल." मशीनच्या कळीला तार, तार टेबलाखालून खाली, आणि टोकाला चपलेचा पट्टा. पाय दाबला की शिफ्ट. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा सरांनी सगळ्या पोरापोरींना हात थांबवायला सांगून तुमच्याभोवती उभं केलं होतं, हे तुम्ही आम्हाला निदान दहा वेळा सांगितलंत. सांगा की, त्यात काय, मीही माझ्या वर्गाला दरवर्षी सांगते.

आता माझी गोष्ट. सरांनी कोपऱ्यातलं जुनं मशीन तुम्हाला घरी नेऊ दिलं होतं. परीक्षेत सात मिनिटांचा उतारा, मिनिटाला तीस शब्द. रविवारी दुपारी जेवणं झाली की तुम्ही मशीनपुढं, मी तुमच्या पाठीमागं बाजेवर, चावीचं घड्याळ माझ्या मांडीत. "टाइम" म्हणायचं काम माझं. पहिल्यांदा वीस शब्द भरले आणि तुमचा चेहरा पडला. तो मला बघवला नाही, दादा. पुढच्या रविवारी मी अर्धा मिनिट उशिरा "टाइम" म्हणाले. एकदम दोन शब्द वाढले! तुम्ही हसलात, आईला हाक मारून सांगितलंत, आईनं गुळाचा चहा केला. मला त्या हसण्याची चटकच लागली. मग अर्ध्याचा एक झाला, एकाचे दोन. तुम्ही खरंच पुढं जात होतात, खोटं नाही, पण मी तुम्हाला त्याच्याही पुढं ढकलत होते. शेवटी शेवटी मी सातची नऊ मिनिटं करत होते. एका रविवारी तुम्ही शब्द मोजले आणि ओरडलात, "एकतीस!" ते एकतीस तुमचे नव्हते, माझे होते.

त्याच आठवड्यात मिलकडून निरोप आला, गेटवर वॉचमन म्हणून बसता का. आई म्हणाली, "बसा गुमान. घरात एक तरी बांधलेला पगार येईल." तुम्ही जाऊन न्हाई म्हणून आलात. मला शेजारी बसवून आईला सांगितलंत, "अगं, एकतीस भरले. विचार हिला, घड्याळ हिच्याच मांडीत होतं." आईनं माझ्याकडं बघितलं. मी "हो" म्हणून मान हलवली. त्या मान हलवण्याइतकी वाईट गोष्ट मी अजून दुसरी केलेली नाही.

परीक्षेला मशीन टेम्पोत घालून नेलंत. तिथल्या साहेबानं तार बघून विचारलं, "हे काय?" तुम्ही म्हणालात, "पाय आहे, साहेब. नियमात पायाला मनाई असंल तर दाखवा." त्यानं बसू दिलं. आणि उतारा जेमतेम पाऊण झाला असेल-नसेल, तोच घंटी झाली. घरी आलात ते मशीन ओट्यावर ठेवून तसेच बसलात. आईनं विचारलं तर म्हणालात, "तिथलं घड्याळ लई जल्दी पळतं गं." मी चुलीपाशी भाकरी थापत होते. माझे हात परातीत तसेच राहिले. निकाल लागायचा तो लागला. गेटवर तोवर दुसरा माणूस बसला होता. आई तोंडाची फटकळ, ती म्हणाली, "आता ठोकत बसा सहा महिने," आणि दुसऱ्या दिवसापासून कंपनीतून सुटल्यावर आणखी दोन घरची धुणी धरली. ती धुणी माझ्यामुळं होती.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम मैत्रिणीकडं निघाले होते. तुम्ही हाक मारलीत, "ए बाई, कुठं चालली? घड्याळ कोण धरणार?" मला वाटलं, आता तुम्ही मला बोलणार. तुम्ही घड्याळाला चावी दिलीत, ते माझ्या मांडीत ठेवलंत, माझ्या डोक्यावर डावा हात ठेवलात आणि म्हणालात, "बराबर सांग हं." एवढंच. माझ्याकडं पाठ करून बसलात. माझ्या डोळ्यांत पाणी, काटे दिसेनात, ते मी फ्रॉकच्या बाहीनं पुसून पुसून बघत होते. सात मिनिटं झाली तेव्हा तुमचं बोट हवेत होतं, शब्द अर्धा होता. मी म्हणाले, "टाइम." तुम्ही तिथंच थांबलात. मोजले. तेवीस. तुम्ही मागं वळून माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "आता जमतंय." मी कधी इतकी रडले नव्हते. तुम्ही कारण विचारलं नाही. तार थोडी ताणून बांधलीत आणि म्हणालात, "चल, पुन्हा लाव."

सहा महिने. तेवीसचे चोवीस व्हायला तीन रविवार लागले. मध्येच एकदा पुन्हा बावीसवर आलात तेव्हा मी तुमच्याकडं न बघता आकडा सांगितला. मला वाटतं, तुमच्यापेक्षा मीच जास्त शिकले त्या घड्याळावर. परीक्षेच्या आधीच्या रविवारी तीस भरले. मी घड्याळ आईच्या हातात देऊन पुन्हा घ्यायला लावलं, माझा माझ्यावरच भरवसा नव्हता. पुन्हा तीसच. पास झाल्यावर तुम्ही टाइप केलेला पहिला कागद तोच जुना अर्ज होता, "माझा उजवा हात" असा दुरुस्त करून. त्याच साहेबाला नेऊन दिलात आणि म्हणालात, "काम नको आता, फक्त रेकॉर्ड बराबर असू द्या."

मग पुढची बारा-तेरा वर्षं एसटीनं अंबड. कोर्टासमोर तुमचं ते टेबल, त्यावर सरांनी तुम्हालाच देऊन टाकलेलं मशीन, टेबलाखाली तुमचा हलणारा पाय. कॉलेजात असताना सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन यायची, तेव्हा बघायची. दुसरे टायपिस्ट कागद झटकन ओढून हातात द्यायचे. तुम्ही कागद मशीनमध्येच ठेवून मोठ्यानं वाचून दाखवायचात, "ऐका मावशी, चुकलं असंल तर आत्ताच सांगा, मंग साहेबापुढं हसं व्हतं." एक म्हातारी म्हणाली होती, "बाकीचे दोन हातांनी लिवत्यात, तरी माझं नाव चुकवत्यात. तुझ्याकडं एकच हाय, पर तू इचारतोस." तुम्ही लाजलात. तुम्हाला लाजताना मी तेवढं एकदाच बघितलं. किती अभिमान वाटला म्हणून सांगू! तेव्हाच सांगायला हवा होता. डबा ठेवून नुसती बसून राहिले.

तुम्हाला ठाऊक होतं, दादा. मला खात्री आहे. एवढ्या मोठ्या रांगेत हसं झालेला माणूस तुम्ही, आणि माझं हसं एकदाही होऊ दिलं नाहीत, आईपुढंसुद्धा नाही. आता परीक्षेच्या हॉलमध्ये मी एक मिनिटही जास्त देत नाही. मुलं खडूस म्हणतात. म्हणू देत.

ही चिठ्ठी कुठं टाकायची नाही, मशीनच्या झाकणाखाली ठेवायची आहे. मघाशी नवी तार बसवून, उजवा हात पदरात गुंडाळून, मोबाइलवर सात मिनिटं लावून मी बसून बघितलं. पायात गोळा आला, आणि दोन अक्षरं एकमेकांवर बसली ती वेगळीच. जावई चहा घेऊन आले, त्यांना मी ऐटीत सांगितलं, मिनिटाला अकरा. ते म्हणाले, वा! पण घंटी वाजल्यावरही मी हात थांबवला नव्हता, परिच्छेद पुरा केला होता. बराबर सांगते, दादा. नऊच आले.