गुलाबी भोकाजवळचा आयसी

२ जून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

आठवतं का रे, घरातले सगळे रेडिओच्या पुढे बसायचे आणि आपण दोघं मागे? टेबल आणि भिंतीच्या मधल्या सांदीत, गुडघे पोटाशी घेऊन, मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून आतले दिवे बघत. रेडिओला पाठ असते आणि ती गरम असते, हे फक्त आपल्याला माहीत होतं. पुढे तू रेडिओ मेकॅनिक झालास आणि मी शाळेतली ग्रंथपाल. तू जन्मभर आवाज दुरुस्त केलेस, मी जन्मभर आवाज बंद केले.

आता कामाचं. माझ्या उजव्या कानाचं ऑपरेशन तीस तारखेला ठरलं. आतली गाठ काढल्याशिवाय इलाज नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऐकू बहुतेक राहील, पण खात्री देत नाही. डावा कान तर केव्हाच कामातून गेलाय. म्हणून तिसाच्या आत मला आईची टेप एकदा धड ऐकायची आहे. तू ती कॉम्प्युटरवर चढवून दिलीस खरी, पण आई रजईखालून गातेय असं वाटतं. शेवटचं कडवं सुरू होतं, कोणीतरी खुदकन हसतं, आई थांबते, खट्! संपलं. त्यानंतर ती पुन्हा कधी टेपसमोर गायली नाही. पन्नास वर्षं सांगतेय, तू हसलास. आता निकाल लागू दे.

लोभ आहेच, त्यात खरखर येऊ देऊ नकोस.
तुझी ताई

७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी हसलो नाही. तू हसलीस. आईचं गाणं मी बंद पाडलं, हे पन्नास वर्षं ऐकून माझीच खात्री पटायला लागली होती, म्हणून मुद्दाम आधी लिहिलं.

तुझ्या कॉम्प्युटरमधलं साउंड कार्ड चांगलं आहे, पण त्यावरचा आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी काळी चिप, जुना, ढिम्म आहे. खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत तीन नवे पाठवतो. झुरळाएवढे, आठ पायांचे. किंचाळू नकोस. कॉम्प्युटरची वायर भिंतीतल्या प्लगमधून काढ. त्याची पेटी उघडून आधी पत्र्याला हात लाव, म्हणजे अंगातली वीज उतरेल. कार्डावर आयसी बसायची दोन सॉकेट आहेत, त्यातला उजवीकडचा आयसी चिमट्याने अलगद उचल आणि नवा बसव. खाचेवर खाच आली पाहिजे. एकेक लावून ऐक, फरक लिही. अक्षर शाळेतल्यासारखं असू दे.

तुझी वहिनी म्हणते, या वयात ताईंना कुठे कामाला लावता? मी म्हटलं, तिला थांबवून दाखव.

कानाचं मनावर घेऊ नकोस. तिसाला मी येतोच आहे.
तुझा ठोंब्या

१४ जून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

अरे, कमाल झाली! कमाल, कमाल!

तिन्ही आयसी दिसायला सारखे, म्हणून ओळखायला नेलपॉलिश आणलं. आयुष्यातली पहिली बाटली, तीही लालभडक. शाळेत मिशनच्या सिस्टर रोज सकाळी नखं तपासायच्या, त्यांनी मला पट्टीने बडवलं असतं. एकाला एक टिपका, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. एक टिपका स्वतःच्या अंगठ्यालाही लावला. कोणाला सांगू नकोस.

एकटिपक्यात आईची खुर्ची करकरली. दोनटिपक्यात दुसऱ्या कडव्याआधी तिने घेतलेला श्वास ऐकू आला. तीनटिपक्यात तर मागे कुठेतरी नळ ठिबकतोय! आपला मोरीतला नळ, ठोंब्या! मी हेडफोन लावून स्वयंपाकघरात नाचले, वायर तुटता तुटता वाचली. आता तीनटिपक्या गुलाबी भोकाजवळच्या सॉकेटात विराजमान आहे.

हसणं मात्र अजून घरघरीत बुडतं. बहुधा तूच.

उत्तराला उशीर लावलास तर याद राख.
ताई

१८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दुकानात वाचलं आणि इतका हसलो की गिऱ्हाईक आपला रेडिओ उचलून बाहेर जाऊन उभं राहिलं.

ताई, गुलाबी भोक माइकचं असतं. हेडफोनचं हिरवं. तू आठवडाभर माइकचे आयसी बदलतेयस! त्यांचा आणि आईच्या गाण्याचा काडीचा संबंध नाही. मी उजवीकडचा म्हणालो तो समोरून बघून. तू अजूनही मागूनच बघतेस. ती खुर्ची, तो श्वास, तो नळ, सगळं पहिल्यापासून तिथेच होतं. तू पहिल्यांदा कान देऊन ऐकलंस, एवढंच.

आता कृपा करून हिरव्या भोकाजवळचा बदल. मग हसण्याचं काय ते लगेच कळव. माझं नाव निघालं तरी कळव.

तुझा अजूनही हसत असलेला,
ठोंब्या

२३ जून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

हस, हस. मीही जमिनीवर बसून हसले, मग चिमटा हातात घेतला. हिरव्याजवळ दोनटिपक्या बसवला. घरघर खरंच खाली बसली, का मीच ऐकायला शिकले, देव जाणे.

ते हसणं आधी नाकातून येतं. फुस्स. मग आवाज फुटतो. असं हसणारी आपल्या घरात एकच होती.

ठोंब्या, आई हसली! तू नाहीस, मीही नाही. टेपरेकॉर्डर समोर, ती गातेय, आणि आपण दोघं नेहमीसारखे त्याच्या मागे डोकी खुपसून तिचा आवाज आत कुठून शिरतो ते शोधतोय. तिला ते दिसलं. शेवटच्या कडव्यात आधी तिचा सूर हलतो, मग फुस्स, मग खट्. तिनेच बंद केलं. कोणी तिचं गाणं मोडलं नाही रे. पुन्हा गायला बसली असती तर पुन्हा हसली असती. मी वीस वेळा ऐकलं. कान राहो की जावो, हे आत गेलं.

तरी तिसाच्या आधी लिहून ठेवते. दोनटिपक्या हिरव्याजवळच राहील, त्याला कोणी हात लावायचा नाही. तीनटिपक्या माइकजवळच असू दे. परत आले की मी त्यात गाणार आहे, हसले तर हसले. एकटिपक्या वहिनीला, तुला इतकी वर्षं सहन केल्याबद्दल. नेलपॉलिश तुझ्या लेकीला. कान गेला तर हेडफोन तुला. टेपचा मूळ डबा तुझ्याकडेच आहे, त्यावर आईने घातलेल्या तारखेखाली लिही, हसली आईच. आणि दवाखान्यात माझ्या खाटेच्या उजवीकडची खुर्ची तुझी. कुठून बघून उजवी ते विचारू नकोस, मी दोन्हीकडे एकेक ठेवायला सांगितली आहे.

तुझी ताई