तेकलासाठी मोडीतली गाडी

३ सप्टेंबर, मंगळवार

ओतारने आज जे दाखवलं त्याला गाडी म्हणायचं असेल, तर मी राणी तामार! पुढचा अर्धा भाग कागदाचा बोळा करावा तसा. एक चाक आडवं पडलेलं. दिवे नाहीत, बंपर नाही, बॉनेट दुमडून काचेपर्यंत आलेलं. आणि हा माझा नवरा कमरेवर हात ठेवून म्हणतो, "रंग बघ ना, दोदो. रंग कसला भारी आहे!"

अमेरिकेत कुणीतरी आपटली. तिथल्या विमा कंपनीने मोडीत काढली, लिलावात विकली, बोटीने पोती बंदरात उतरली आणि तिथून इथे रुस्तावीत, ज्युंबेर मिस्त्रीच्या अंगणात. कागदावर शिक्काच आहे भंगार म्हणून. म्हणजे ज्यांनी विमा दिला त्यांनीच लिहून दिलंय की संपली ही. आणि आम्ही हिच्यात पोटची पोर बसवायची?

आमच्या तेकलाला डोंगरातल्या ओनी गावात नोकरी लागली आहे. सरकारी पशुवैद्य! एक ऑक्टोबरला हजर व्हायचंय. अट एकच — स्वतःची गाडी हवी, चारही चाकं ओढणारी, कारण गुरं वरच्या गावांत असतात. धड गाडी आमच्या आवाक्यात नाही. म्हणून हे.

मी नाही म्हटलं. तेकला भांडी घासत बसली.

४ सप्टेंबर

जिन्यात शेजारची लामारा. "मेलेल्याचा कोट कोण घालतं गं?" म्हणे. हिचा जावई हिला दर रविवारी चर्चला नेतो तो असल्याच जोडलेल्या गाडीतून — ते विसरली! तरी तिचं वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

६ सप्टेंबर, शुक्रवार

गाडीवर कोरलेला नंबर टाकला की लिलावाच्या वेळचे फोटो मिळतात म्हणे. तेकलाने फोनवर शोधून दाखवले. दहा फोटो. कुठलंसं सपाट मैदान, मागे अशाच आणखी शेकडो गाड्या. एअरबॅग फुटून लोंबतायत. आणि पुढच्या काचेला तडे गेलेत ते आतून.

मी सत्तावीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स आहे. काच आतून फुटली म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. फोन परत दिला. तेकला म्हणाली, "आई, बोल ना काहीतरी." मला भीती वाटते, एवढंच खरं आहे. पण ते तिला कसं सांगायचं? तिने पाच वर्षं या नोकरीची वाट बघितली आहे.

७ सप्टेंबर, शनिवार

ड्यूटी संपल्यावर तडक ज्युंबेर मिस्त्रीकडे गेले, भांडायला.

शेडमध्ये चार गाड्या, एकीलाही तोंड नाही. तो उलट्या बादलीवर बसून लोबियो, म्हणजे राजम्याची उसळ, खात होता, कच्च्या कांद्याबरोबर. साठी उलटलेली. मला बघून दुसरी बादली पालथी घातली.

"बसा, बाई."

"बसायला नाही आले. ही गाडी माझ्या मुलीच्या जिवावर उठेल का, तेवढं सांगा."

"उठेल की. वाईट जोडली तर."

"आणि चांगली जोडली तर?"

"मग कारखान्यातून आलेली जितकी उठते तितकीच. गाडी म्हणजे काय पिसांची गादी आहे?"

हसू येत होतं, दाबलं. काचेचं विचारलं. आत कोण होतं? जगलं का? त्याने पावाचा तुकडा खाली ठेवला.

"ठाऊक नाही. सीटवर रक्त नव्हतं, पट्टा ताणलेला होता, एअरबॅग वेळेवर उघडल्या होत्या. एवढं मी पाहिलं. मी लोखंडाचं सांगतो, माणसाचं नाही. याच्यापुढे कुणी सांगायला लागला तर समजा, त्याला गाडी खपवायची आहे."

थिएटरात मी पुष्कळ सर्जन पाहिले. त्यांतले किती 'ठाऊक नाही' म्हणाले ते मोजायला एक हात पुरे. त्या दोन शब्दांनी माझा अर्धा राग उतरला. उरलेला अर्धा मी घरी येऊन ओतारवर काढला.

९ सप्टेंबर

हो म्हटलं. पण माझ्या अटींवर! मी केव्हाही येणार, काहीही विचारणार. ज्युंबेर म्हणाला, "या. फक्त कुणाला आणू नका. दोन माणसं आली की एकमेकांशी बोलतात, बघत कुणीच नाही." त्याचीही एक अट — किल्ली हातात देईपर्यंत गाडी त्याची. पैसेही तेव्हाच. तोवर आम्हाला नको वाटली तर आम्ही मोकळे, त्याला नको वाटली तर तो मोकळा.

ओतार खूश. "देव तारी त्याला कोण मारी!" म्हणाला. मी म्हटलं, देवाने ब्रेकसुद्धा तपासावेत.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज तीन तास बघत बसले. घरी स्वयंपाक नाही, काही नाही.

मला वाटलं होतं हातोडा घेऊन ठोकाठोक करेल. कसलं काय! आधी दीड तास नुसती मापं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकं, मग दुसरं तिरकं, मग खाली झोपून तेच. पाटीवर खडूने आकडे. दोन्ही तिरक्या मापांत अकरा मिलिमीटरचा फरक. मग साखळी बांधली, यंत्राने ताणली — इतकी हळू की मला काही हललेलं दिसेना. त्याने मात्र हात वर केला, थांबला आणि चहा प्यायला बसला.

"एवढ्यात दमलात?" मी म्हटलं.

"मी नाही दमलो. त्याला वेळ देतोय. लोखंडाला घाई केली की साखळी सोडल्यावर ते परत जागेवर पळतं. वाकताना एका क्षणात वाकलं असेल, सरळ व्हायला तीन दिवस घेईल."

तीन दिवस! आमच्याकडे तीन दिवसांनी पेशंटला घरी पाठवतात. मी घरी येताना बसमध्ये त्या अकरा मिलिमीटरचाच विचार करत होते.

१४ सप्टेंबर

अकराचे चार झाले.

१५ सप्टेंबर, रविवार

दोन!! ओतारला सांगितलं तर म्हणतो, "दोन काय?" अशा माणसाबरोबर मी तीस वर्षं काढली.

१७ सप्टेंबर

आज त्याने मला एक गंमत दाखवली. गंमत कसली, अंगावर काटा आला. वाटाण्याएवढा तुकडा, दोन तारा निघालेल्या. एअरबॅगच्या जागी हा लावला की गाडीला वाटतं पिशवी आहे. समोरचा लाल दिवा गप्प. वरून झाकण नवं. आत पोकळी.

"आणि धडक झाली तर?"

"तर झाकण अगदी छान दिसतं," ज्युंबेर म्हणाला.

आमच्या गाडीला त्याने खऱ्या पिशव्या मागवल्यात, सीलबंद खोक्यात. खोकं मला स्वतः फोडायला लावलं, नंबर वाचायला लावले. मी चष्मा लावून दोनदा वाचले. तो तुकडा मी मागून घेतला आणि ओतारच्या ताटाशेजारी ठेवला. तो जेवला नाही नीट. बरं झालं! आता त्यालाही कळलं आपण काय विकत घेऊन बसलो असतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

रंगाच्या आधी ज्युंबेर गिऱ्हाइकाला बोलावतो. ही त्याची पद्धत. बाकीचे रंग झाल्यावर बोलावतात.

आज तेकलाही आली. गाडी उघडीबोडकी उभी होती, करड्या पत्र्याची. प्रत्येक जोडाभोवती त्याने खडूने गोल काढला होता. पांढरा गोल म्हणजे कारखान्याचा जोड, पिवळा म्हणजे त्याचा. एकेक दाखवत गेला. "हा माझा. हा माझा. हा माझाच, पहिल्यांदा बिघडला, काढून पुन्हा केला." अठरा पिवळे गोल. खड्डा बुजवायची लांबी कुठे भरली आहे तेही सांगितलं — उजव्या दिव्याखाली, तळहाताएवढी जागा. मी पर्समधून फ्रिजवरचा लोहचुंबक काढला (हो, नेला होता! बातुमीहून आणलेला, डॉल्फिनचा) आणि सगळ्या गाडीवरून फिरवला. बाकी सगळीकडे चिकटला, तिथेच पडला. तेकला लाजेने लाल झाली.

ज्युंबेरला राग नाही आला. डॉल्फिन उचलून पुसला, माझ्या हातात दिला. "सगळ्या बायकांनी असं केलं असतं तर या शहरात निम्मी दुकानं बंद पडली असती."

मी त्याचे जोड बोटाने चाचपले. एकसारखे, मोजून अंतरावर. आमच्या थिएटरात म्हातारे डॉक्टर होते, ते कुणाला दिसणार नाहीत असे आतले टाकेसुद्धा असेच घालायचे. बाहेरचे काय, सगळेच नीट घालतात! मला एकदम भरून आलं. पत्र्याकडे बघून भरून येणारी मी पहिलीच बाई असेन. हा माणूस मला फार आवडला आहे, असं इथे लिहून टाकते. ओतार ही वही वाचत नाही, आणि वाचली तरी हरकत नाही.

२१ सप्टेंबर

लामाराला अठरा पिवळ्या गोलांबद्दल सांगितलं. "तू वेडी झालीस," म्हणाली. मग दाराशी थांबली आणि हळूच विचारते — "तो माझ्या जावयाची गाडी बघेल का गं?"

२४ सप्टेंबर, मंगळवार

रंग झाला. गडद हिरवा, होता तोच. मला जुन्या जागा शोधून सापडेनात, म्हणून जरा वाईटच वाटलं. पिवळे गोल होते तेव्हा मला ती जास्त सुंदर दिसत होती.

तेकला चाकामागे बसली. आरसा लावला, सीट पुढे घेतली. मग हॉर्न वाजवून पाहिला. मी शेजारी बसले. भीती वाटते का ते स्वतःला विचारून पाहिलं. नाही वाटली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज ज्युंबेरला जेवायला बोलावलं. त्याने नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच. मी चीज भरून खाचापुरीच्या रोट्या केल्या, ओतारने गावाकडची वाइन काढली, तिसऱ्याच पेल्याला उठून उभा राहिला आणि बोलायला लागला. तो उभा राहिला की खाली बसवणं कठीण. पण आज चांगलं बोलला. म्हणाला, "मी तीस वर्षं पोलाद कारखान्यात क्रेन चालवली. लोखंड ओतणारे पुष्कळ पाहिले. लोखंडाची माफी मागणारा आज पाहिला." ज्युंबेरने पेला रिकामा केला आणि ताटातल्या वांग्यांकडे बघत राहिला.

तेकलाची बॅग दारात भरून ठेवली आहे. औषधांची पेटी, रबरी बूट, वासरं ओढून काढायचे दोर. आमच्या मुलीच्या लग्नाच्या सामानात दोर असतील असं मला कधी वाटलं नव्हतं — आणि हे तिचं लग्नच आहे, दुसरं काय! सोमवारी पहाटे निघणार.

उद्या ज्युंबेर गाडीत वाळूची चार पोती टाकून गोंबोरीच्या घाटात चढवणार, उतरवणार. प्रत्येक गाडीचं असं करतो. मग किल्ली. तो निघताना मी त्याला म्हटलं, "आता कशाला पोती, मिस्त्री? मला खात्री आहे." तो बूट घालत होता. "तुम्हाला आहे," म्हणाला. "मी अजून चालवून बघितली नाही."

तीन आठवड्यांपूर्वी हिला गाडीसुद्धा न म्हणणारी मी! उद्या अंगणात तिच्या चाकावर वाइन शिंपायची, ओतारने बाटली बाजूला काढून ठेवली आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

गाडी नाही.

काल घाटातून परत आल्यावर ड्रायव्हरचं दार लागताना त्याला आवाज वेगळा वाटला. दाराच्या फटीत वरच्या बाजूला वीस तेत्रीचं नाणं जात होतं, खाली अडत होतं. घाटात जाण्याआधी दोन्हीकडे जात होतं. त्याने गालिचा उचलला. दोन दारांमधल्या खांबाच्या बुडाशी कारखान्याच्या वेल्डिंगचे ठिपके सुटले होते — पांढऱ्या गोलातले.

आज सकाळी आम्हाला बोलावून दाखवलं. "मी चुकलो. माझे जोड दहा वेळा तपासले, त्यांचे एकदाच." ओतार म्हणाला, अरे मग पुन्हा वेल्डिंग मार ना! "मारता येईल. रंगही छान बसेल. पण आतले आणखी किती ठिपके असेच सुटतील ते मला ठाऊक नाही. तुझ्या पोरीला तिच्यात मी बसवणार नाही. आणि उभी ठेवली तर कुणाच्या तरी पोरीला कुणीतरी विकेल." आणि त्याने कटर लावला. त्याच्याच मालकीची गाडी, तीन आठवड्यांचं काम. आमच्यासमोर खांबातून आडवी कापली. मी रडले. तेकलाही रडली, मग तिनेच त्याला पाणी आणून दिलं.

तेकला उद्या मार्शरुत्काने, त्या खच्चून भरलेल्या छोट्या बसने जाईल. ओनीच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, बर्फ पडेपर्यंत दूधवाल्याच्या गाडीतून फिर. बर्फ पडल्यावर गाडी नसेल तर दुसरा डॉक्टर बघू.

संध्याकाळी ज्युंबेर दारात. आत आला नाही. पोती बंदरात आणखी एक गाडी उतरते आहे, उजवी बाजू आत गेलेली, बर्फाआधी होईल, फोटो बघा — म्हणून त्याने फोन पुढे केला.

मी फोटो बघितले नाहीत. म्हटलं, घ्या ती गाडी.